ब्रिटननं युरोप सोडला ते बरोबर झालं का?

रावेर तालुक्यातल्या एका तरुण केळी उत्पादकानं विचारलं आहे: “आप्पा, आमच्या गटाची केळी आखातात जाते. आता इंग्लंड आणि युरोपला पाठवायचा विचार चाललाय. ब्रिटननं युरोपियन युनियन सोडली ते बरोबर केलं का? एखाद्या देशानं अशा मोठ्या संघातून बाहेर पडावं का? आणि त्यानं आपल्याला काय फरक पडतो?”

भाऊ, उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणं देतो. शेजारचा मोठा बाजार हेच ज्या देशाचं मुख्य गिऱ्हाईक आहे, त्यानं त्या बाजाराच्या संघातून बाहेर पडू नये, असं माझं मत आहे. बाहेर पडल्यानं त्या बाजाराचे नियम आपल्यावरून उठत नाहीत. ते नियम ठरतात तेव्हा आपलं जे मत असतं, ते तेवढं जातं. बाहेर पडायचा हक्क मात्र प्रत्येक देशाला असलाच पाहिजे. ब्रिटनच्या लोकांनी २३ जून २०१६ ला मतदान करून तो वापरला, ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के, आणि त्या कौलाचा मान राखला गेला हे योग्यच झालं. माझी तक्रार कौलाबद्दल नाही. बाहेर पडून नेमकं कुठं जायचं हे न ठरवता दार उघडलं गेलं, त्याबद्दल आहे.

मी जळगावात बसून निर्यातीची कागदपत्रं करतो. निर्जलित पांढरा कांदा, डाळी, पीव्हीसी पाइप, प्लास्टिकच्या चटया आणि अलीकडे केळी. ब्रिटन युरोपात होतं तेव्हाची कागदपत्रं मी केली आणि आता बाहेर आहे तेव्हाचीही करतोय. या प्रश्नाकडं मी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि ओरिजिनच्या, म्हणजे माल कुठल्या देशाचा हे सांगणाऱ्या, कागदातूनच बघतो, आणि तिथून जे दिसतं तेच सांगणार आहे.

केळीपासून सुरू करू, कारण ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटननं युनियन सोडण्याच्या, प्रचारात केळी फार गाजली. युरोपियन युनियन वाकड्या केळीवर बंदी घालते, युनियनच्या मुख्यालयात, ब्रसेल्समध्ये बसलेले बाबू आमची फळं मोजत बसतात, असं इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं छापून येत होतं. बोरिस जॉन्सन यांनी २०१६ च्या प्रचारातही केळीचे नियम पुढे केले. आता मूळ नियम काय होता ते बघ. १९९४ चा, क्रमांक २२५७. हिरव्या, न पिकवलेल्या केळीला लागू. लांबी किमान १४ सेंटिमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर, आणि बोटांत विकृती किंवा अनैसर्गिक बाक नको. त्यातही प्रती पाडलेल्या. ‘एक्स्ट्रा’ प्रतीला दोष चालत नाही, पहिल्या प्रतीला आकाराचा किरकोळ दोष चालतो, दुसऱ्या प्रतीत तर आकार बिघडलेला असला तरी माल घेतात. बंदी कुठंच नव्हती.

तुमच्या पॅकहाऊसवर आखाती खरेदीदाराचा माणूस येतो तेव्हा काय करतो ते आठव. धुवून ठेवलेली फणी उचलतो, बाहेरच्या ओळीतलं मधलं बोट धरतो, बाकाच्या बाहेरच्या अंगानं देठापासून टोकापर्यंत टेप लावतो, मग मधोमध कॅलिपर लावून जाडी बघतो. युरोपच्या नियमात सांगितलेली मोजणी हीच, आणि बोटही हेच. यात केळीचा अपमान नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. खोक्यात फण्या एकमेकींवर नीट बसल्या नाहीत तर उलट्या बाकाचं बोट शेजारणीला घासतं, चिकाचे काळे डाग उठतात आणि रायपनिंग चेंबरमधून माल निघतो तेव्हा दर पडतो. युरोपचा एकल बाजार, म्हणजे सगळ्या सदस्य देशांचा एकच बाजार, १९९३ मध्ये सुरू होईपर्यंत युरोपातले देश आपापले वेगळे नियम चालवत होते. ते एक केले गेले, एवढंच त्या कायद्याचं काम.

आणि पुढं झालं काय? बाहेर पडताना ब्रिटननं २०१८ चा कायदा करून युरोपचे नियम घाऊक स्वतःच्या कायद्यात उतरवून घेतले, कारण एका रात्रीत हजारो नियम नव्यानं लिहिणं शक्यच नव्हतं. त्यात केळीचा दर्जाही आला. तीच १४ सेंटिमीटर, तीच २७ मिलिमीटर. ज्या नियमाचं नाव घेऊन लोकांना चेतवलं, तो नियम जागेवर राहिला. फरक इतकाच, की उद्या युरोपनं तो बदलायचा ठरवला तर त्या बैठकीत ब्रिटनची खुर्ची नसेल.

हे समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही. रावेर-यावलचा शेतकरी महाराष्ट्रात, पण सकाळी विचारतो काय? “बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला?” बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. तिथल्या बाजार समितीवर आपला माणूस निवडून जात नाही, तिथल्या आमदाराला आपलं मत नाही, रावेरची समिती स्वतःचा भावही जाहीर करते. तरी व्यापारी सौद्याला बसतो तो बऱ्हाणपूरचा आकडा मनात धरून. कारण माल तिथं मोठा, गाड्या तिथं लागतात. मोठ्या बाजाराची ही ओढ राज्याची हद्द मानत नाही, तशी देशाचीही मानत नाही. ब्रिटनच्या निर्यातीचा ४० टक्क्यांहून अधिक हिस्सा युरोपियन युनियनला जातो. एवढा माल जिकडं जातो तिकडचा नियम कारखान्यात पाळावाच लागतो, सही कुणाचीही असो.

याचा धडधडीत पुरावा म्हणजे यूकेसीए नावाची खूण. यंत्रं, खेळणी, विजेची उपकरणं यांवर युरोपात ‘सीई’ ही खूण लागते. ब्रिटननं तिच्याऐवजी स्वतःची खूण काढली, कारखान्यांना मुदत दिली, ती वाढवली, पुन्हा वाढवली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं की बहुतेक वस्तूंना सीई खूण यापुढंही बेमुदत चालेल. कारखानदारांना एकाच वस्तूसाठी दोन तपासण्या आणि दोन फिया परवडत नव्हत्या.

आता कांद्याचा कंटेनर घे, म्हणजे जकात आणि नियम यातला फरक ध्यानात येईल. युनियनमध्ये दोन गोष्टी एकत्र आहेत. एक जकात संघ: बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची जकात एकच, आणि आतल्या आत काहीच नाही. दुसरा एकल बाजार: माल, सेवा, भांडवल आणि माणसं यांना मोकळी ये-जा, नियमही सगळ्यांना सारखे. २०२० पर्यंत जळगावहून निघालेला निर्जलित कांद्याचा कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला उतरला, तिथं एकदा जकात भरली, की खरेदीदार त्यातला अर्धा जर्मनीच्या सूप कारखान्याला आणि अर्धा इंग्लंडच्या मसालेवाल्याला ट्रकनं पाठवू शकत होता. कस्टमचा आणखी एकही कागद नाही.

१ जानेवारी २०२१ पासून ते संपलं. ब्रिटन आणि युरोपमध्ये ३० डिसेंबर २०२० ला करार झाला, त्यात जकात शून्य आहे हे खरं. पण ती शून्य जकात ब्रिटनमध्ये किंवा युरोपात तयार झालेल्या मालाला. आपला कांदा भारताचा. रॉटरडॅमच्या गोदामात त्याची गोणी फोडून छोट्या पिशव्या भरल्या तरी तो भारताचाच राहतो. म्हणजे युरोपात जकात भरलेला माल इंग्लंडला गेला की तिथं ओरिजिनचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. ते टाळायचं तर माल युरोपात मोकळा न करता ट्रान्झिटमध्ये पुढं न्यायचा, त्याची हमी भरायची, नाहीतर इकडूनच दोन वेगळे कंटेनर लावायचे. वर्षाला शेकडो कंटेनर पाठवणाऱ्याला हे जमतं. ज्याचा माल एका कंटेनरमध्ये अर्धा-अर्धा जायचा, त्या लहान निर्यातदारानं दोनपैकी एक गिऱ्हाईक सोडलं. माझ्याकडे येणाऱ्या लहान लोकांनी बहुधा इंग्लंडचं सोडलं.

जकात वाटाघाटीत शून्यावर आणता येते, कागद शून्यावर येत नाहीत, आणि कागदाचा खर्च मालाच्या वजनावर ठरत नाही. तो दर खेपेला पूर्ण लागतो. इंग्लंडच्या लहान चीजवाल्यांची गत अशीच झाली. युरोपात चीज पाठवायचं तर दर खेपेला पशुवैद्यकानं सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्र. युरोपनं ही तपासणी पहिल्या दिवसापासून सुरू केली. ब्रिटननं मात्र युरोपातून येणाऱ्या मालाची स्वतःची तपासणी पुन्हा पुन्हा पुढं ढकलली. आरोग्य प्रमाणपत्रं मागायला जानेवारी २०२४ उजाडलं आणि माल प्रत्यक्ष उघडून बघायला त्याच वर्षीचा एप्रिल. सीमेवर ताबा मिळवायचा म्हणून बाहेर पडलेल्या देशाकडं त्या सीमेवर उभी करायला माणसं आणि शेडच तयार नव्हत्या. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज असा, की देश युनियनमध्ये राहिला असता तर दीर्घकाळात जेवढी उत्पादकता असती, त्यापेक्षा ती सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. एका वर्षात डोळ्यांत भरणारा हा आकडा नाही, हळूहळू झिरपणारा आहे. म्हणून त्यावर मोर्चे निघत नाहीत.

उत्तर आयर्लंडचं दुखणं याहून खोल. आयर्लंडच्या बेटावर एकच जमिनीवरची सीमा आहे, दक्षिणेला युनियनमधलं प्रजासत्ताक, उत्तरेला ब्रिटनचा भाग. तिथं दशकानुदशकं रक्त सांडलं होतं, १९९८ च्या गुड फ्रायडे करारानं ते थांबलं, आणि सीमेवरचे नाके उठले. आता युनियनची हद्द नेमकी तिथंच येऊन थांबली. नाका लावावा तर शांतता धोक्यात, न लावावा तर बाजाराला भोक. शेवटी तपासणी समुद्रावर नेली, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालाला कागद लागू लागले. ब्रिटन आणि युनियनमधल्या २०२३ च्या ‘विंडसर चौकट’ नावाच्या समझोत्यानं त्रास कमी केला, संपवला नाही. मतदानाच्या प्रचारात या सीमेची चर्चा किती कमी झाली, हे बघून मला आजही वाईट वाटतं.

पण बाहेर पडा म्हणणाऱ्यांची बाजूही मी मनापासून मांडतो, कारण ती खोटी नाही.

१ मे २०१४ ची गोष्ट. युरोपियन युनियननं भारतीय आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू यांच्यावर बंदी घातली. फळमाशी आणि इतर किडी असलेल्या खेपा वारंवार सापडल्या होत्या. आता युरोपात आपला आंबा खाणारा मुख्य देश ब्रिटन. तिथले व्यापारी ओरडले, खासदारांनी प्रश्न विचारले, हापूसचा हंगाम हातचा गेला. तरी लंडनला स्वतंत्र निर्णय घेता आला नाही, कारण निर्णय सगळ्या युनियनचा होता. स्पेन-इटलीच्या बागांना असलेला किडीचा धोका थंड इंग्लंडला नाही, हे म्हणणं पटण्यासारखं होतं. आपल्याकडं पॅकहाऊस आणि तपासणी सुधारली, मग जानेवारी २०१५ मध्ये आंब्याची बंदी उठली. संघात राहण्याची ही खरी किंमत आहे, आणि ती कुणी लपवू नये.

दुसरा फायदा आपल्याच घराचा. भारत आणि ब्रिटन यांचा व्यापार करार २४ जुलै २०२५ ला झाला. वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या होत्या, म्हणजे साडेतीन वर्षांत काम झालं. भारताच्या जवळजवळ ९९ टक्के वस्तुप्रकारांवरची जकात ब्रिटननं काढायची, असं त्यात ठरलं. युनियनमध्ये असतं तर ब्रिटनला असा करार एकट्यानं करताच आला नसता. युरोपबरोबर आपली बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये अडकली आणि २०२२ मध्ये नव्यानं हाती घ्यावी लागली. अनेक देशांचं हित सांभाळत बसणाऱ्याचा वेग असाच असणार. पण ब्रिटनच्या बाजूनं हिशेब मांडला तर भारतासारख्या लांबच्या देशाशी वाढलेला व्यापार, दारातल्या युरोपशी कमी झालेल्या व्यापाराची भरपाई करू शकत नाही.

आणि लोकांचा राग. इंग्लंडच्या ईशान्येला संडरलँड नावाचं शहर आहे. तिथल्या जहाजांच्या गोद्या बंद पडल्या, जपानी मोटार कारखाना आला, आणि त्याच्या गाड्या मोठ्या प्रमाणावर युरोपात विकल्या जात होत्या. तरी तिथल्या ६१ टक्के लोकांनी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं. लिंकनशायरमधल्या बॉस्टनला, जिथं भाजीपाल्याच्या शेतांवर पूर्व युरोपचे मजूर राबतात, हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या वर गेलं. या लोकांना अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. घरभाडं वाढलं, दवाखान्यात रांगा वाढल्या, गावाकडं लक्ष कुणी देईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मताला वजन आलं. त्यांची फसवणूक मात्र झाली. ब्रिटन युनियनला ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड’ देतं असा आकडा प्रचाराच्या बसवर रंगवून फिरवला, त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेलीच नव्हती. घरं, दवाखाने आणि छोट्या शहरांकडं झालेलं दुर्लक्ष लंडनचं होतं, ब्रसेल्सचं नव्हतं, त्यामुळे युनियन सोडून ते दुरुस्त होणार नव्हतं. बाहेर पडल्यानंतर बाहेरून येणाऱ्या माणसांची संख्या उलट विक्रमी झाली. फक्त ती युरोपऐवजी इतर देशांतून आली, त्यात आपलीही मुलं खूप.

एकत्र असलेला बाजार तुटतो तेव्हा काय होतं, हे आपल्याच उपखंडानं याआधी पाहिलंय. १९४७ मध्ये हद्द आखली गेली तेव्हा ताग पिकायचा मुख्यतः पूर्व बंगालात, आणि तागाच्या गिरण्या सगळ्या कोलकात्याच्या बाजूला. लांब धाग्याचा चांगला कापूस सिंध-पंजाबात राहिला, गिरण्या मुंबईला. सुरुवातीला दोन्ही देशांत व्यापार चालू होता. मग सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही. एकाच रुपयाचे दोन भाव झाले, बिलं कुठल्या दरानं भागवायची यावर तिढा पडला आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला. १९५१ पर्यंत तो सुटला नाही. तोपर्यंत भारतानं इकडं ताग आणि कापूस वाढवायची मोहीम धरली होती, आणि तुटलेले धागे पुन्हा कधीच तसे जुळले नाहीत. फाळणीची कारणं वेगळी, तिची तुलना ब्रेक्झिटशी करत नाही. पण बाजार एका सहीनं तुटतो आणि सांधायला पिढी जाते, हे तिथंही दिसलं.

मग कधीच बाहेर पडू नये का? तसंही नाही. ग्रीनलंड १९८५ मध्ये बाहेर पडलं. मतदान १९८२ ला झालं होतं, मासेमारीचा हक्क हे एकच मोठं कारण होतं, काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते मिळवलं. ज्याचा एकच मोठा माल आहे, तो मालही स्वतःच्या समुद्रातला, त्याचा हिशेब वेगळा निघू शकतो. आपणही ४ नोव्हेंबर २०१९ ला आरसीईपी या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात शिरायचं नाकारलं. दूध उत्पादकांपासून कारखानदारांपर्यंत अनेकांना न्यूझीलंडच्या दुधाची आणि चीनच्या मालाची भीती होती. पण आत न शिरणं आणि चाळीस-सत्तेचाळीस वर्षं आत राहून, सगळे कारखाने त्या बाजाराच्या मापानं उभे केल्यावर बाहेर पडणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेनं १९७२ आणि १९९४ मध्ये दोनदा नको म्हटलं, तरी माल विकता यावा म्हणून तो एकल बाजाराचे बहुतेक नियम पाळतो, पैसेही देतो, मत मात्र नाही.

कुणा देशाला बाहेर पडायचंच असेल तर माझं म्हणणं एवढं, की मतदान दोनदा घ्यावं. पहिलं तत्त्वाला. मग वाटाघाटी करून, सीमा कुठं येणार, कुठल्या मालाला कोणता कागद लागणार, माणसांचं काय, हे लिहून लोकांपुढं ठेवावं आणि त्या मसुद्यावर दुसरं. ब्रिटननं नेमकं उलटं केलं. मार्च २०१७ मध्ये बाहेर पडायची दोन वर्षांची मुदत सुरू करून दिली आणि काय हवंय यावर त्यानंतर तीन वर्षं संसदेत भांडत बसले. ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडले तेव्हाही व्यापार कराराचा मजकूर तयार नव्हता, तो वर्ष संपता संपता झाला.

आता तुमच्या गटाचं. ताज्या केळीला युरोपात आणि ब्रिटनमध्ये फायटो सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला) लागत नाही, ही जमेची बाजू. अडतं ते औषधांच्या अवशेषांवर आणि प्रवासाच्या दिवसांवर. २०२३ च्या शेवटी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या पुढाकारानं बारामतीहून नेदरलँड्सला समुद्रमार्गे केळीची प्रायोगिक खेप गेली. प्रवास सुमारे चार आठवड्यांचा. म्हणजे कटाई दुबईच्या मालापेक्षा आधी, जाडी बघून, आणि कंटेनरचं तापमान १३ अंशांच्या आसपास शेवटपर्यंत टिकलं पाहिजे. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मंजुरी युरोपनं २०२० मध्ये संपवली आणि अवशेषाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. घडाला घालायच्या पिशव्या कुठल्या औषधात भिजवलेल्या आहेत का, हे दुकानदाराला विचारूनच घ्या. ब्रिटन आता स्वतःची मर्यादा स्वतः ठरवतं, त्यामुळे दोन्ही याद्या काढा आणि फवारणीची वही ज्यात आकडा कडक असेल त्याप्रमाणे लिहा.

खरेदीदार रॉटरडॅमचा असला तर करार करण्याआधी त्याला लेखी विचारा, की माल शेवटी कुठल्या देशात विकणार. इंग्लंडला जाणार असेल तर सरळ इंग्लंडच्या बंदराचं बुकिंग मागा. युरोपसाठी रेक्स (ओरिजिन स्वतः लिहून देणाऱ्या निर्यातदाराची) नोंदणी वेगळी, ब्रिटनसाठी ओरिजिनचा कागद वेगळा. एकाचा फॉरमॅट दुसऱ्याला जोडू नका, तिथं खेप अडकते आणि रिफर (थंड) कंटेनरचं भाडं दर दिवसाला चढतं. पहिल्या वर्षी दोन्हीपैकी एकच बाजार घ्या. मला विचारशील तर युरोप घे. तिथलं एक प्रमाणपत्र सत्तावीस देशांत चालतं.